डीव्ही (कौटुंबिक हिंसाचार) केसमध्ये सरकारी वकील नसतो, मग तुमच्या बाजूने बोलणार कोण?

आपल्या नाशिकच्या सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बस स्टँड) जिल्हा कोर्टातली गोष्ट आहे, मागच्या पावसाळ्यातली. कोर्ट हॉलच्या बाहेर बाकावर एक ताई बसल्या होत्या, सातपूरला राहणाऱ्या, अंबडला कंपनीत पॅकिंगला जातात, त्या दिवशी हाफ डे टाकून आल्या होत्या. मांडीवर प्लास्टिकची फाईल, त्यात आधार कार्ड, लग्नपत्रिका, सिव्हिल हॉस्पिटलचा केस पेपर, पोरीच्या शाळेची फी पावती, सगळं घामाने चिकटलेलं. पुकारा झाला, त्या आत गेल्या, समोर नवरा आणि त्याचा वकील उभा. जज मॅडमनी विचारलं, तुमचे वकील कोण? ताई म्हणाल्या, "सरकारी वकील येतील ना मॅडम, पोलीस स्टेशनला तसंच सांगितलंय."

मॅडमनी त्यांना नीट समजावलं की या केसमध्ये सरकारी वकील नसतो, पण तुम्हाला मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरणात जाऊन अर्ज करा. आणि पुढची तारीख दिली. पंधरा दिवसांनंतरची.

मी तिथे पीएलव्ही म्हणून काम करते, म्हणजे विधी स्वयंसेवक. मी वकील नाही, लोकांना योग्य टेबलापर्यंत पोचवणं, फॉर्म भरून देणं एवढंच माझं काम. ताईंना घेऊन मी प्राधिकरणाच्या ऑफिसात गेले, अर्ज भरला, काम झालं. पण ते पंधरा दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत, कारण त्या दिवशी संध्याकाळी ताई त्याच घरात, त्याच माणसाबरोबर परत गेल्या होत्या ज्याच्याविरुद्ध सकाळी कोर्टात उभ्या राहिल्या होत्या. हे पंधरा दिवस वाचले असते, फक्त एक गोष्ट त्यांना आधी कुणी सांगितली असती तर. म्हणून हे लिहितेय.

आधी बघू, डीव्ही केस म्हणजे नक्की कुठली केस

कोर्टात सगळे जिला डीव्ही केस म्हणतात ती म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ या कायद्याच्या कलम १२ खालचा अर्ज. कायदा २००५ चा, पण लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. यात हिंसाचार म्हणजे फक्त मारहाण नाही. शिवीगाळ, सारखा अपमान, लैंगिक जबरदस्ती, घरखर्चाला पैसे न देणं, पगार काढून घेणं, स्त्रीधन दाबून ठेवणं, घरातून हाकलणं हे सगळं यात येतं. आणि अर्ज करणारी बायकोच असली पाहिजे असंही नाही, आई मुलाविरुद्ध करू शकते, बहीण भावाविरुद्ध, विधवा सून सासरच्यांविरुद्ध, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहिलेली बाईसुद्धा करू शकते.

कोर्टाकडे मागायचं काय, तर मुख्य गोष्ट संरक्षण आदेश, म्हणजे समोरच्याला कोर्टाने लेखी बजावणं की हिला हात लावायचा नाही, धमकी द्यायची नाही, हिच्या कामाच्या ठिकाणी किंवा पोराच्या शाळेत जायचं नाही, फोन मेसेज करायचे नाहीत, स्त्रीधन आणि बँकेतलं परस्पर विकायचं काढायचं नाही. त्यासोबत घरात राहायचा आदेश, पोटगी आणि औषधपाण्याचा खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसान भरपाई, हे एकाच अर्जात मागता येतं. सगळं मागितलंच पाहिजे असं नाही, जे लागतं तेवढं मागा.

आता गोंधळ कुठे होतो बघा. छळाची पोलीस केस वेगळी असते, ज्याला लोक अजूनही चारशे अठ्ठ्याण्णव म्हणतात, १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय न्याय संहितेत ते कलम ८५ झालंय. तिथे गुन्हा दाखल होतो, सरकार विरुद्ध आरोपी अशी केस चालते आणि सरकारच्या बाजूने सरकारी वकील उभा राहतो. डीव्ही केस चालते त्याच फौजदारी कोर्टात, जेएमएफसी म्हणजे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर, म्हणून सगळ्यांना वाटतं इथेही सरकारी वकील असणार. पण नाही. इथे अर्जदार तुम्ही असता, सरकार नाही. गावाकडचं उदाहरण देते, घरफोडी झाली तर पोलीस तपास करतात आणि सरकार केस लढतं, पण बांधाचा वाद असला तर कोर्टात तुमचं तुम्हाला उभं राहावं लागतं. डीव्हीचा अर्ज स्वभावाने बांधाच्या वादासारखा आहे, फक्त तो फौजदारी कोर्टाच्या छपराखाली चालतो. एवढं एक समजलं की बाकीचं पटापट समजतं.

मग वकील लावलाच पाहिजे का?

कायद्याने सक्ती नाही. अर्जाचा छापील नमुना २००६ च्या नियमांमध्ये दिलेला आहे, तो भरून तुम्ही स्वतः कोर्टात देऊ शकता, स्वतः बोलू शकता, अर्जाला कोर्ट फीचा स्टॅम्पही लागत नाही. संरक्षण अधिकारी नावाचा महिला व बाल विकास खात्याचा अधिकारी असतो, तोही तुमच्या वतीने अर्ज देऊ शकतो. माहेर सिन्नरचं आणि सासर सुरतेचं असलं तरी अर्ज सिन्नरला चालतो, तुम्ही तात्पुरत्या जिथे राहताय तिथलं कोर्टही चालतं.

इथे दोन गोष्टी लोक हमखास मिसळतात. फॅमिली कोर्टात उलटा नियम आहे, १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील हा हक्क म्हणून मिळत नाही, कोर्टाची परवानगी लागते. शेजारीण सांगते की अगं कोर्टात वकील चालतच नाही, माझ्या वेळी साहेबांनी थेट मलाच विचारलं होतं, तेव्हा ती फॅमिली कोर्टातल्या घटस्फोटाच्या केसबद्दल बोलत असते. डीव्हीच्या कोर्टात असं काही नाही. तिथे पहिल्या तारखेपासून तुमचा वकील तुमच्या शेजारी उभा राहू शकतो आणि समोरच्याचा तर बहुतेक वेळा उभा असतोच.

दुसरी गोष्ट संरक्षण अधिकाऱ्याची. हा अधिकारी महत्त्वाचा आहे, पण तो तुमचा वकील नाही. गारपीट झाल्यावर तलाठी शेतात येऊन पंचनामा करतो, किती बाग झोडपली, किती घड गळाले, सगळं लिहून घेतो. संरक्षण अधिकारी घराचा तसा पंचनामा करतो, त्याला डीआयआर म्हणतात, घरगुती घटनेचा अहवाल. पंचनामा असला की दाव्याला वजन येतं, पण विमा कंपनीशी भांडायला तलाठी येत नाही ना, तसंच हे. आणि डीआयआर नाही म्हणून अर्ज अडतो असंही समजू नका, तुम्ही थेट कोर्टात अर्ज दिला असेल तर डीआयआर नसतानाही कोर्ट आदेश देऊ शकतं, हे सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये प्रभा त्यागी केसमध्ये स्पष्ट सांगितलंय.

बरं हे अधिकारी सगळीकडे पुरेसे नव्हते म्हणूनच मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलं की जिल्हा आणि तालुका पातळीवर महिला व बाल विकास खात्यातले अधिकारी सहा आठवड्यांत संरक्षण अधिकारी म्हणून नेमा, आणि राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाला सांगितलं की बायकांना मोफत वकिलाचा हक्क आहे याची जोरात प्रसिद्धी करा. पेपरात आलं होतं ते एवढंच. कायदा लागू होऊन जवळजवळ एकोणीस वर्षं झाल्यावर कोर्टाला हे सांगावं लागलं, याचं मला वाईट वाटतं.

पहिली तारीख म्हणजे बागेवरचा कागद

कायदा म्हणतो अर्ज आल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली सुनावणी ठेवा आणि तिथून साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करा. तीन दिवस आणि साठ दिवस हे आकडे सगळ्यांनी व्हॉट्सअॅपवर वाचलेले असतात, मग सहा महिने झाले तरी केस चालू बघून लोक खचतात. खरं सांगते, साठ दिवसांत क्वचितच संपतं. नोटीस बजावायची, समोरच्याने म्हणणं द्यायचं, पुरावा, उलटतपास, युक्तिवाद, यात वेळ जातोच. पण म्हणूनच कायद्यात कलम २३ ठेवलंय.

कलम २३ म्हणजे अंतरिम आदेश, पूर्ण निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश. निफाड दिंडोरीकडच्या लोकांना हे समजवायला मला एकच उदाहरण पुरतं. आभाळ भरून आलं की द्राक्षबागेवर आधी प्लास्टिक कागद टाकतात, यंदा भाव काय मिळेल, व्यापारी कोण, हिशोब कसा याची चर्चा नंतर. पाऊस पडून गेल्यावर कागद टाकून काय उपयोग. अंतरिम आदेश हा तो कागद आहे. आणि परिस्थिती फारच गंभीर असेल तर कोर्ट समोरच्याला न ऐकताही, फक्त तुमच्या शपथपत्रावर, एकतर्फी अंतरिम आदेश देऊ शकतं.

पण तो मागावा लागतो, वेगळा अर्ज आणि शपथपत्र जोडून, आणि त्यात नेमकं लिहावं लागतं. इथेच वकील असण्या नसण्याचा फरक दिसतो. ताईंनी स्वतः लिहिलेला अर्ज मी वाचला होता. साडेचार पानं, सगळं मनापासून, लग्नात किती खर्च झाला, सासू पहिल्या दिवाळीला काय बोलली, नणंदेने साडी कशी फेकली. आणि शेवटच्या पानावर तळाशी दोन ओळी, की मागच्या महिन्यात त्याने गॅसची शेगडी चालू करून माझा हात धरला होता. तारीख नाही. अंतरिम आदेशाची मागणीच नाही. नंतर प्राधिकरणाच्या यादीतल्या, म्हणजे पॅनेलवरच्या, ज्या वकील मॅडम मिळाल्या त्यांनी ती दोन ओळींची गोष्ट पहिल्या परिच्छेदात घेतली, सिव्हिलच्या केस पेपरवरून तारीख काढली, त्या रात्री पोरगी कुठे होती ते विचारलं, शेजारच्या कुणी ओरडा ऐकला ते लिहिलं, आणि त्याखाली चार स्पष्ट मागण्या. दोन पानांत संपलं. ताई खोटं बोलत नव्हत्या आधीही, पण जजच्या टेबलावर दिवसाला ढिगाने फाईली असतात, त्यातून धोका किती जवळ आहे ते पहिल्या मिनिटाला दिसायला हवं.

अजून काही गोष्टी आहेत ज्या एकट्या बाईला सुचत नाहीत. भरल्या कोर्टात लैंगिक छळाबद्दल बोलायचं म्हणजे जीभ रेटत नाही, तेव्हा कलम १६ खाली सुनावणी बंद खोलीत घ्या अशी विनंती करता येते. व्हॉट्सअॅपवरच्या धमक्यांचे नुसते स्क्रीनशॉट झेरॉक्स करून चालत नाही, त्यासोबत नवीन साक्ष कायद्याच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. पोटगीच्या वेळी नवरा म्हणतो मला काही कमाई नाही, मी बेकार, आणि गाडी मात्र नवी असते, तर रजनेश विरुद्ध नेहा या नागपूरहून गेलेल्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवून दिलंय की दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं शपथपत्र द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. वकील ते शपथपत्र मागून घेतो, बँक स्टेटमेंट मागतो, नोकरी असेल तर पगारातून थेट कापून द्या असा आदेश मालकाला द्यायची विनंती करतो, कायद्यात ती सोय आहे.

आणि घर सासूच्या नावावर आहे, तुझा काय संबंध, हे वाक्य तर प्रत्येक केसमध्ये. ऑक्टोबर २०२० मध्ये सतीश अहुजा केसच्या निकालाने हा मुद्दा बदलला. घर नवऱ्याच्या मालकीचं नसलं, सासू सासऱ्यांचं असलं तरी तिथे ती संसार करून राहिली असेल तर ते सामायिक घर धरलं जाऊ शकतं. मालकी मिळत नाही, राहायचा हक्क मिळतो, आणि म्हाताऱ्या सासू सासऱ्यांची बाजूही कोर्ट बघतं. हा फरक कोर्टात मांडायला कायदा माहीत असलेलं माणूस लागतं.

मला पगार आहे, मला कसा फुकट वकील मिळेल?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि विचारणाऱ्या बहुतेक जणी अर्ज न करताच परत गेलेल्या असतात. नीट वाचा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२. त्यात मोफत वकील कुणाला मिळतो याची यादी आहे आणि त्यात स्त्री आणि बालक असं सरळ लिहिलंय. उत्पन्नाची अट स्त्रीला नाही. तुम्ही शिक्षिका असा, बँकेत असा, कंपनीत सुपरवायझर असा, नवरा बंगल्यात राहत असो, पिवळं रेशन कार्ड असो की पांढरं, काही फरक पडत नाही. तुमच्या केसमध्ये सकृतदर्शनी तथ्य आहे एवढं प्राधिकरणाने बघायचं असतं.

जायचं कुठे तर नाशिकला जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, आणि मालेगाव, निफाड, येवला, सिन्नर असं तालुक्याला कोर्ट असेल तर तिथे तालुका विधी सेवा समिती. १५१०० हा विधी सेवेचा हेल्पलाईन नंबर आहे, फोनवरूनही सुरुवात करता येते. महिला हेल्पलाईन १८१, आणि अंगावर धावून आलाय अशी वेळ असेल तर आधी ११२, वकील बिकील नंतर. अर्ज साधा असतो, सोबत ओळखपत्र आणि केसबद्दल दोन शब्द. वकिलाची फी, नोटीस काढायचा खर्च, टायपिंग, नकला, हे सगळं त्यात येतं.

आणि हो, हे सांगायची जबाबदारी खरं तर तुमच्यावर टाकलेलीच नाही. डीव्ही कायद्याच्या कलम ५ प्रमाणे तक्रार घेऊन आलेल्या बाईला तुला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे हे पोलिसांनी, संरक्षण अधिकाऱ्याने, मान्यताप्राप्त संस्थेने आणि मॅजिस्ट्रेटनेही सांगायचं आहे. संरक्षण अधिकाऱ्याने तर ती मदत मिळाली की नाही हे बघायचंसुद्धा आहे. तेव्हा ठाण्यात गेलात की स्वतः विचारा, मला विधी सेवेकडे पाठवताय का, कुणाला भेटू. विचारायला लाजू नका, उपकार मागत नाही आहात तुम्ही.

आणि जमलं तर अर्ज दाखल करण्याच्या आधी वकील मागा. पहिल्या तारखेला कोर्टात विचारल्यावर मागितला तर तोही मिळतो, पण मग तारीख पडते आणि ताईंसारखे पंधरा दिवस हातचे जातात.

फुकटचा वकील म्हणजे कामचलाऊ, असं सगळे म्हणतात

म्हणतात खरं आणि त्यात अगदीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. सगळे वकील सारखे नसतात, फी घेणारेही नसतात. पॅनेलवरचे वकील म्हणजे त्याच कोर्टात रोज प्रॅक्टिस करणारे वकील, प्राधिकरणाने अर्ज मागवून निवडलेले, त्यांना मानधन प्राधिकरण देतं. मी अशा वकील मॅडम बघितल्यात ज्यांनी मानधन मिळायच्या कितीतरी आधी रात्री आठला फोन उचलून बाईला ठाण्यात काय बोलायचं ते सांगितलंय. आणि असेही बघितलेत जे तारखेला ज्युनिअरला पाठवतात आणि ज्युनिअरला अर्जदाराचं नावही माहीत नसतं.

तेव्हा काय करायचं, तर एक म्हणजे पॅनेल वकिलाने तुमच्याकडून फी मागायची नाही, एक रुपयाही नाही, चहापाण्याच्या नावाखालीही नाही. मागितली तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी द्या. दुसरं म्हणजे वकील बदलून मागता येतो, कारण लिहा आणि मागा, त्याने केस बिघडत नाही. तिसरी गोष्ट जी मी प्रत्येकीला सांगते, आपल्या केसची एक वही ठेवा. प्रत्येक तारखेला काय झालं, पुढची तारीख कुठली, आपल्या बाजूने काय दाखल झालं, समोरच्याने काय दिलं. ई-कोर्ट्सच्या अॅपवर केसचा सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र नंबर, टाकला की पुढची तारीख दिसते, रोज कोर्टात जाऊन विचारायची गरज नाही. वही असली की वकील बदलला तरी केस तुमच्या हातात राहते.

वकिलाला पहिल्या भेटीत सगळं सांगा. आपल्या विरुद्ध जाईल अशी गोष्टसुद्धा. रागाच्या भरात तुम्ही त्याला काही मेसेज केले असतील, आधी एकदा तक्रार करून मागे घेतली असेल, तर ते समोरचा वकील उलटतपासात काढणारच आहे, तुमच्या वकिलाला ते तिथे पहिल्यांदा कळायला नको.

समोरच्यालाही वकील नको का? आणि खोट्या केसेसचं काय?

हवाच. हे मी मनापासून म्हणतेय. ज्याच्यावर घराबाहेर राहायचा आदेश होऊ शकतो त्याला नीट बाजू मांडता आली पाहिजे. त्याला नोटीस मिळते, लेखी म्हणणं देता येतं, उलटतपास घेता येतो, परिस्थिती बदलली म्हणून आदेश बदलून मागता येतो, आणि आदेशाविरुद्ध तीस दिवसांत सेशन कोर्टात अपील करता येतं. एकतर्फी आदेश झाला तरी तो कायमचा नसतो, येऊन आपलं म्हणणं मांडता येतं. ऐपत नसेल तर त्यालाही मोफत वकील मिळतो, फक्त पुरुषांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे, पण अनुसूचित जाती जमातीचे, अपंग, औद्योगिक कामगार अशांना ती लागत नाही. सातपूर अंबडच्या किती कामगारांना हे माहीत आहे?

आणि हे तर बहुतेकांना माहीतच नसतं की सासू किंवा नणंद सामनेवाली असेल तर तीही बाई आहे, म्हणून तिलाही उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. दोन्ही बाजूंना प्राधिकरणाचाच वकील, वेगवेगळा अर्थात. लोकांना हे विचित्र वाटतं, मला नाही वाटत.

खोट्या केसचा मुद्दा येतो तेव्हा लोक दोन टोकं पकडतात. माझं म्हणणं एवढंच की चांगला वकील असला की अर्जच प्रामाणिक होतो. ताईंच्या पहिल्या अर्जात पुण्याला राहणाऱ्या दिराचं, त्याच्या बायकोचं, मावससासूचं अशी सात नावं होती, कुणीतरी सांगितलं होतं सगळ्यांना घाला म्हणजे घाबरतील. वकील मॅडमनी एकेकाबद्दल विचारलं, याने नक्की काय केलं, तारीख सांगा. शेवटी दोन नावं उरली. सात जणांना नोटिसा जाऊन त्या परत येण्यात जे महिने जातात ते वाचले आणि पुण्याचा दीर, ज्याचा खरंच काही संबंध नव्हता, तोही वाचला.

पोलीस स्टेशनला म्हणतात, मिटवून टाका

मिटत असेल तर चांगलंच आहे, कुणाला हौस असते का कोर्टाची. डीव्ही केस म्हणजे घटस्फोट नाही हेही लक्षात ठेवा, केस केली म्हणून लग्न मोडत नाही, कित्येक जणी आदेश घेऊन त्याच घरात राहतात. कोर्टसुद्धा कलम १४ खाली समुपदेशनाला पाठवू शकतं.

पण समझोत्याच्या कागदावर सही करताना वकील हवा. स्टॅम्प पेपरवर लिहिलेलं असतं की मी राजीखुशीने तक्रार मागे घेते, यापुढे माझी कसलीही मागणी राहणार नाही, आणि सगळे वडीलधारे भोवती बसलेले असतात, बाई न वाचता सही करते कारण घरी जाऊन स्वयंपाक करायचा असतो. दोन महिन्यांनी परत मारहाण होते आणि समोरचा वकील तोच कागद कोर्टात काढतो. असा कागद असला म्हणून दार कायमचं बंद होत नाही, नवीन हिंसाचार झाला तर नवीन अर्ज करता येतो, पण वाट अवघड होते. सही करण्याआधी सांगा की मी एक दिवस घेते, विधी सेवेतल्या वकिलाला दाखवते. ज्याला खरंच मिटवायचंय त्याला एक दिवस थांबायला काय हरकत आहे?

आदेश मिळाल्यावर सरकारी वकील येतो

आता ती गंमत बघा जी सुरुवातीला ताईंना कुणी नीट सांगितली नाही. संरक्षण आदेश झाल्यावर समोरच्याने तो मोडला, तर तो मोडणं हा कलम ३१ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणजे तेव्हा पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, आणि ती केस सरकारची होते, तिथे सरकारी वकील उभा राहतो. अंतरिम संरक्षण आदेश मोडला तरी हेच. पोटगीचे पैसे थकवले तर मात्र त्याच कोर्टात वसुलीचा अर्ज टाकायचा असतो, तो परत तुमच्या वकिलानेच. म्हणजे सरकारी वकील येतो, पण आधी आदेश हातात असावा लागतो, आणि आदेश मिळवायला तुमचा स्वतःचा वकील. पोलीस ठाण्यात ताईंना कदाचित हेच सांगितलं असेल, अर्धं सांगितलं किंवा अर्धं ऐकलं गेलं.

आदेशाची प्रत फुकट मिळते, कलम २४ प्रमाणे ती तुम्हाला, समोरच्याला आणि त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यालाही द्यायची असते. तरी मी सांगते की एक प्रत स्वतः घेऊन ठाण्यात जा आणि पोच घ्या.

ताईंची पुढची तारीख आली तेव्हा वकील मॅडम पावणेअकरालाच हॉलबाहेर उभ्या होत्या. पुकारा झाला, मॅडम तीन चार मिनिटं बोलल्या, शेगडीची गोष्ट पहिल्या वाक्यात. समोरच्या वकिलाने म्हणणं द्यायला मुदत मागितली, ती त्याला मिळालीही, पण तोपर्यंत अंतरिम संरक्षण आदेश आणि घरातून काढायचं नाही हा आदेश झाला. दुपारी प्रत हातात आली. ताईंनी कोर्टासमोरच्या दुकानात तिच्या तीन झेरॉक्स काढल्या, एक कंपनीतल्या लॉकरमध्ये ठेवायला, एक शेजारच्या काकूंकडे द्यायला, आणि तिसरी घेऊन आम्ही रिक्षाने ठाण्यात गेलो. अंमलदार म्हणाले ठेवून जा, बघतो. ताई म्हणाल्या, "साहेब, माझ्या प्रतीवर शिक्का मारून द्या, तारीख टाकून." आणि शिक्का मिळेपर्यंत त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत.